महापुरात भिजलेल्या ॲम्बॅसिडरची वायरिंग घरी बदलता येईल का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी घेतलेली १९७२ सालची मार्क टू ॲम्बॅसिडर २०१९ च्या महापुरात कोल्हापुरातल्या दुधाळीकडच्या घराच्या आवारात सीटच्या खालच्या अंगापर्यंत पाण्यात होती. इंजिन नंतर खोलून नीट करून घेतले, परंतु हेडलाइट मंद लागतात, ब्रेक दाबला की इंडिकेटरही मिणमिणतो, आणि मागच्या महिन्यात डॅशबोर्डाखालून जळका वास आला. एका वायरमनने सगळे कापून नवे टाकू असे सांगितले, दुसऱ्याने तयार किट आणायला सांगितले. आपली इच्छा मात्र हे काम स्वतःच्या हाताने, घरच्या शेडमध्ये, गाडीचे मूळ रूप न बिघडवता करण्याची आहे. गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवावी का, अशी कागदपत्रांची शंकाही आपण विचारली आहे.

काम घरी होऊ शकते. शिवाजी उद्यमनगरात गेली ३२ वर्षे मी गाड्यांच्या विजेचेच काम करतो, आणि त्या महापुरानंतर दिवाळीपर्यंत माझ्या दारात उभ्या राहिलेल्या बहुतेक गाड्यांची तक्रार आपल्यासारखीच होती. बारा व्होल्टची ही साधी व्यवस्था आहे. तिच्यात संगणक नाही, की मेकॅनिकपासून लपवून ठेवलेले काही नाही. लागतो तो वेळ, आणि त्यातला मोठा वाटा वायर ओढण्यात जात नाही, जुनी वायरिंग वाचण्यात जातो. जुनी वायरिंग गाडीतून निघण्याआधी ती कागदावर उतरलेली असली पाहिजे. ही एक अट पाळायची तयारी नसेल तर काम हाती घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगतो.

हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. धंद्याला लागून दोनच वर्षे झाली असतील, तेव्हा एका गिऱ्हाइकाची फियाट माझ्याकडे आली आणि वस्ताद गावाला गेलेले पाहून मी हुशारी दाखवली. पक्कड घेऊन तासाभरात सगळी वायरिंग कापून पोत्यात भरली. दिवे, हॉर्न, सेल्फ हे दोन दिवसांत चालू झाले. पण वायपर बटण बंद करताच काचेच्या मध्यावर थांबू लागला, पेट्रोलचा काटा उलटा चालू लागला आणि मागच्या दिव्यांत पार्किंग आणि ब्रेक यांची अदलाबदल झाली. त्या पोत्यातले तुकडे जुळवत मी तीन आठवडे बसलो. वस्ताद परत आल्यावर रागावले नाहीत. त्यांनी फक्त एक शंभर पानी वही आणून माझ्यापुढे ठेवली.

सर्वांत आधी करायचे काम आजच करा. जळका वास येऊन गेलेल्या गाडीत बॅटरी जोडून ठेवू नये. बॅटरी काढताना बॉडीला जाणारी, म्हणजे अर्थची, केबल आधी सोडा आणि बसवताना ती सर्वांत शेवटी जोडा. कारण साधे आहे: दुसऱ्या टोकाचा नट सोडताना पाना चुकून बॉडीला टेकला आणि अर्थ जोडलेला असला, तर पाना वेल्डिंगच्या कांडीसारखा चिकटतो आणि लाल होतो. अर्थ आधीच सोडलेला असेल तर काहीही होत नाही. घड्याळ आणि अंगठी काढून ठेवा; हातातले कडे असले तर तेही.

बॅटरी सोडतानाच तिचे कोणते टोक बॉडीला गेले आहे ते डोळ्यांनी पाहून वहीत लिहा. १९५० च्या दशकातल्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक बॉडीला जोडायची पद्धत होती आणि आपल्याकडच्या गाड्यांचा जन्म त्याच घराण्यातला आहे. शिवाय पन्नास वर्षांत कोणी कोणत्या कारणाने अदलाबदल केली असेल याचा नेम नाही. दिवे आणि हॉर्न दोन्ही बाजूंनी चालतात, म्हणून चूक लक्षात येत नाही; पण रेडिओ, मोबाईलचा चार्जर किंवा एलईडी दिवा जोडला की तो जळतो. आणि डायनमो, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारे यंत्र, ज्या ध्रुवाला सरावलेला असतो त्याच दिशेने वीज देतो. बॅटरी उलटी जोडली तर त्याला नव्या दिशेची ओळख करून द्यावी लागते. त्याविषयी पुढे लिहितो.

आता जुनी वायरिंग भिजल्यावर नेमके काय होते ते पाहू. वायरीतल्या तांब्याच्या बारीक तारांमध्ये फटी असतात, आणि दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे उघड्या टोकातून पाणी त्या फटींतून आत चढते. पुराचे पाणी नुसते पाणी नसते; त्यात गाळ, गटाराचे पाणी आणि क्षार असतात. बाहेरून वायर अगदी धडधाकट दिसते, पण सोलली की आतले तांबे काळे पडलेले किंवा हिरवी पूड धरलेले असते. त्यासाठी एक सोपी परीक्षा करा. फरशीजवळून जाणाऱ्या एखाद्या वायरीचे टोक बोटभर सोला. तांबे काळे असेल तर आणखी दोन-तीन इंच मागे सोला. तिथेही लकाकी दिसत नसेल तर ती वायर डागडुजीच्या पलीकडे गेली आहे. पाण्याच्या रेषेच्या वर राहिलेल्या, बोनेटखालच्या व डॅशबोर्डामागच्या वायरींचा प्रश्न वेगळा आहे. तिथे पाण्याने नव्हे, तर उष्णतेने आणि वयाने आवरण कडक होते, वाकवले की तडकते. कापडी विणीच्या जुन्या वायरी असतील तर उंदरांनीही त्यांत आपला वाटा घेतलेला असतो. आपल्या गाडीत दोन्ही कारणे एकत्र आली आहेत, म्हणून तुकड्यातुकड्याने जोड देत बसण्यापेक्षा संपूर्ण वायरिंग बदलावी, हे पहिल्या वायरमनचे मत मला पटते. 'कापून' हा त्यातला शब्द तेवढा पटत नाही.

तयार किट घ्यायचे की नाही, तर मिळणारे किट आपल्याच गाडीचे आहे याची खात्री असेल तर जरूर घ्या. अडचण अशी येते की बाजारात ॲम्बॅसिडरच्या नावाने मिळते ते पुष्कळदा मार्क फोर किंवा नोव्हा या नंतरच्या मॉडेलांसाठी बनवलेले असते. चार्जिंगची रचना वेगळी, स्विच वेगळे, दिव्यांच्या जागा वेगळ्या. मग नव्या किटमध्ये जोड मारून ते बसवावे लागते आणि पैसे देऊन आपण नवी वायरिंग पहिल्याच दिवशी जुनी करतो. स्वतः बनवलेली वायरिंग निदान मापाची तरी होते.

वाचनाची पद्धत अशी. गाडीचे सगळे भाग जागेवर असताना, काहीही न सोडता, प्रत्येक जोडाचे फोटो घ्या: फ्यूज बॉक्स, कटआउट (डायनमो आणि बॅटरी यांना जोडणारी-तोडणारी पेटी), इग्निशन स्विच, दिव्यांचा स्विच, पायाचा डिपर (हेडलाइटचा झोत बदलणारा पायाचा स्विच), सेल्फचा सोलेनॉइड (सेल्फला बॅटरी जोडणारा मोठा स्विच), प्रत्येक दिव्याची पाठ. त्यानंतर वहीत प्रत्येक भागासाठी एक पान ठेवा आणि त्यावर टर्मिनलचे अक्षर, वायरीचा रंग व ती कुठे जाते हे तीन रकान्यांत लिहा. कटआउटवर लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीत ए, ए-१, एफ, डी, ई अशी अक्षरे असतात; ती धूळ पुसल्याशिवाय दिसत नाहीत. प्रत्येक टोकाला कापडी टेपची चिठ्ठी बांधा आणि तिच्यावर पेन्सिलीने क्रमांक घाला. बॉलपेनची शाई ग्रीसने पुसली जाते.

रंगांना अर्थ असतो आणि तो एकदा कळला की वायरिंग भाषेसारखी वाचता येते. लुकासच्या पद्धतीत तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट येणारा, फ्यूज नसलेला करंट. पांढरा म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारा, तोही फ्यूजविना. तोच पांढरा फ्यूजमधून पलीकडे गेला की हिरवा होतो. म्हणून ब्रेकचे दिवे, इंडिकेटर, वायपर आणि पेट्रोलचा काटा यांच्या वायरींत हिरव्याचे कूळ दिसते. तपकिरी फ्यूजमधून गेला की जांभळा होतो आणि त्यावर हॉर्न व आतला दिवा चालतो. निळा हेडलाइटचा, निळ्यावर पांढरी रेघ असेल तर अपर, म्हणजे लांबचा झोत, लाल रेघ असेल तर डिपर, म्हणजे जवळचा झोत. लाल पार्किंगचा, पिवळा डायनमोचा, काळा अर्थचा. हिरव्यावर लाल रेघ म्हणजे डावा इंडिकेटर, पांढरी रेघ म्हणजे उजवा, आणि जांभळी रेघ म्हणजे ब्रेक.

उन्हाने आणि तेलाने बाहेरचे रंग उडालेले असतात, त्यावर उपाय असा की वायरींच्या जुडग्यावरची टेप थोडी उकलून आत पाहावे; टेपच्या आत झाकलेला रंग बहुधा शाबूत असतो. परंतु रंगावर विसंबून थांबू नका. पन्नास वर्षांत हातात जी वायर आली ती लावणारे पुष्कळ येऊन गेलेले असतात. प्रत्येक वायर दोन्ही टोकांनी सुटी करून मल्टिमीटरच्या बझरवर तपासा आणि मगच वहीत बरोबरची खूण करा. हे काम एकट्याने कंटाळवाणे होते. घरातले कोणी टॉर्च धरायला आणि लिहून घ्यायला बसले तर दोन रविवारांत उरकते.

नोंद पूर्ण झाली की जुडगा न कापता, क्लिपा सोडून, पत्र्याच्या पडद्यांतल्या भोकांतून हळूहळू ओढून अख्खाच्या अख्खा बाहेर काढा. एक पूर्ण प्लायवूड जमिनीवर टाका, त्यावर जुडगा गाडीत होता तसा पसरा आणि प्रत्येक फाट्याजवळ खिळे ठोका. जिथून फाटा फुटतो ती जागा व फाट्याची लांबी प्लायवरच लिहा. नवीन वायरी याच खिळ्यांमधून ओढायच्या आहेत. लांबीत प्रत्येक टोकाला चार बोटे जास्त ठेवा. चार बोटे कमी पडली तर त्यावर इलाज नसतो.

वायर कोणती घ्यायची, यावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण बहुतेक चुका इथेच होतात. घराच्या फिटिंगची वायर गाडीत वापरू नये. तिचे आवरण साधारण ७० अंश सेल्सियसपर्यंतच्या उष्णतेसाठी असते, आणि तेल, पेट्रोल व सततचा हादरा यांचा विचार करून ती बनवलेली नसते. ऑटो केबल म्हणून विकली जाणारी, बारीक व पुष्कळ तारांची वायरच मागा. जुन्या पद्धतीत माप तारांच्या संख्येवरून सांगतात: १४/०.३० म्हणजे ०.३० मिलिमीटरच्या १४ तारा, साधारण १ चौरस मिलिमीटर तांबे, सुमारे ८ ॲम्पियरपर्यंत, २८/०.३० म्हणजे २ चौरस मिलिमीटर, सुमारे १७ ॲम्पियर, ४४/०.३० म्हणजे ३ चौरस मिलिमीटर, सुमारे २७ ॲम्पियर, आणि ८४/०.३० म्हणजे ६ चौरस मिलिमीटर, सुमारे ४२ ॲम्पियर. पार्किंग, इंडिकेटर, ब्रेक यांना पहिले माप पुरते. हेडलाइट आणि हॉर्नला दुसरे. बॅटरीकडून येणाऱ्या मुख्य तपकिरी वायरीला मी नेहमी शेवटचे माप वापरतो, मुळात ती बारीक असली तरीही.

वायर तापत नाही म्हणजे ती पुरेशी आहे, असे मानू नका. बारा व्होल्टमध्ये अर्धा-एक व्होल्ट वाटेत हरवणे फार महाग पडते. १ चौरस मिलिमीटर तांब्याचा एक मीटर तुकडा साधारण १७ मिलिओहम रोध दाखवतो. ५५ वॉटचे दोन बल्ब ९ ॲम्पियरच्या थोडे वर खातात. चार मीटरच्या अशा वायरीत ०.६ व्होल्टच्या वर घट होते, आणि हीच घट दुप्पट जाडीच्या वायरीत निम्मी होते. यात स्विच, डिपर आणि गंजलेले जोड यांची घट अजून धरलेलीच नाही. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतिनाव्या घाताने बदलतो. म्हणून व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले की उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. बॅटरीवर १२.६ आणि बल्बवर १०.४ व्होल्ट असे मी भिजलेल्या गाड्यांत मोजले आहे. तेव्हा उजेड जेमतेम निम्मा उरलेला असतो. मालक काच बदलतो, रिफ्लेक्टर बदलतो, शेवटी १०० वॉटचे बल्ब टाकतो, आणि मग डॅशबोर्डामागचा दिव्यांचा स्विच वितळतो. आपल्याला आलेला वास त्याचाच नसेल ना, हे बल्ब काढून वॉट वाचून पाहा.

जोडांबद्दल मतभेद आहेत. जुने कारागीर प्रत्येक टोकाला डाख देतात. माझा अनुभव असा की वायरीत कथील शिरले की ते तारांमधून इंचभर आत चढते, तेवढा भाग ताठ होतो आणि जिथे ताठपणा संपतो तिथेच हादऱ्याने तारा तुटतात. म्हणून वायरीच्या टोकाला बसणारा लग योग्य मापाचा घेऊन चांगल्या क्रिम्पिंग टूलने दाबणे मी पसंत करतो. पकडीने चेपणे म्हणजे क्रिम्पिंग नव्हे. गोल टोकाच्या बुलेट जोडांना मात्र दाबल्यावर टोकावर कथिलाचा एक ठिपका देतो, तारांच्या बाजूने नाही. डाख देताना राळेचा फ्लक्स वापरा. पत्र्याच्या कामातला आम्लाचा फ्लक्स वर्षाभरात तांबे हिरवे करतो, आणि ज्या कारणासाठी आपण वायरिंग काढली तेच आपण स्वतः आत भरून ठेवतो. जुनी पितळी टर्मिनले मिळत नसतील तर उद्यमनगरात नमुना दाखवून लेथवर करून घेता येतात. कोल्हापुरात राहण्याचा हा एक फायदा आहे.

जुडगा बांधायला चिकट टेप वापरू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तिचा डिंक पाघळतो, हाताला लागतो आणि धूळ धरून ठेवतो. चिकटपणा नसलेली वायरिंगची टेप अर्ध्यावर अर्धी चढवत गुंडाळा आणि फक्त दोन्ही टोकांना स्लीव्ह चढवा. पत्र्यातल्या प्रत्येक भोकात नवे रबराचे ग्रोमेट हवेच. धारदार पत्र्यावर घासणारी वायर ही आग लागण्याची सर्वांत साधी रीत आहे.

आता अर्थ. आपल्या तीन तक्रारींपैकी एकीचे उत्तर इथेच आहे. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतो, कारण मागच्या दिव्याच्या घराला बॉडीकडे जायला रस्ता उरलेला नाही. करंट परत जाण्यासाठी शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. दिव्याचे घर जिथे पत्र्याला बसते तिथला रंग आणि गंज खरवडून चकचकीत करा, दातेरी वॉशर घाला, घट्ट करा आणि वरून व्हॅसलीन लावा. मी याउपर प्रत्येक मागच्या दिव्याला वेगळी काळी वायर देतो आणि ती डिकीतल्या एका पक्क्या बोल्टवर आणतो. मूळ गाडीत ती नव्हती, पण ती दिसतही नाही. तपासणी अंदाजाने करू नका: दिवा चालू ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थच्या टोकावर आणि दुसरे दिव्याच्या घरावर धरा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थ खराब आहे.

इंजिन आणि बॉडी यांच्यामधली जाड विणीची अर्थ पट्टी आहे ना, तेही पाहा. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसते, त्यामुळे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध फक्त त्या पट्टीतून येतो. इंजिन खोलणारे मेकॅनिक ती परत लावायला विसरतात. मग सेल्फ मारला की तेवढा मोठा करंट चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परतीची वाट शोधतो आणि ती केबल धुरकटते. आपले इंजिन पुरानंतर खोललेले आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो. डॅशबोर्डाखालच्या वासाचे हेही एक कारण असू शकते.

मूळ रूप राखावे, हे मला मान्य आहे. फ्यूजच्या बाबतीत मात्र मी मूळ रचनेचा आग्रह धरत नाही. लुकास पद्धतीच्या त्या छोट्या बॉक्समध्ये दोनच फ्यूज कामाचे असतात, आणि हेडलाइट, इग्निशन व मुख्य तपकिरी वायर यांना फ्यूजच नसतो. ती तपकिरी वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर बॅटरी रिकामी होईपर्यंत किंवा वायर जळेपर्यंत तिला अडवणारे काही नाही. म्हणून सोलेनॉइडवरून तपकिरी वायर निघते तिथेच ४० ॲम्पियरचा एक मुख्य फ्यूज बसवा. वायर ६ चौरस मिलिमीटरची घेतली असेल तरच हा आकडा चालतो, कारण फ्यूजने वायरीला वाचवायचे असते आणि त्याचा आकडा वायरीच्या ताकदीपेक्षा कमीच असला पाहिजे. सेल्फच्या जाड केबलला फ्यूज लावायचा नाही. तिच्यासाठी बॅटरीजवळ एक कट-ऑफ स्विच द्या, म्हणजे गाडी उभी असताना सगळेच बंद राहील.

काचेच्या जुन्या फ्यूजवरचा आकडाही फसवा असतो. लुकासच्या फ्यूजवर ३५ लिहिलेले असते, ते वितळण्याचे माप; सतत वाहण्याचे माप त्याच्या निम्मे, म्हणजे १७ ॲम्पियर. आजचे फ्यूज सतत वाहण्याच्या मापाने विकले जातात. ३५ च्या जागी आजचा ३५ टाकला तर फ्यूज टिकतो आणि वायर जाते. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेले फ्यूजही मी पाहिले आहेत, पण त्यांविषयी न लिहिलेलेच बरे.

हेडलाइटना दोन रिले, म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारे स्विच, द्या, एक अपरला आणि एक डिपरला. मग जुना स्विच आणि पायाचा डिपर फक्त रिलेला इशारा देण्यापुरते काम करतात, त्यांच्यातून अर्ध्या ॲम्पियरपेक्षाही कमी करंट जातो आणि ते आणखी पन्नास वर्षे टिकतात. रिले रेडिएटरच्या बाजूला, पत्र्याच्या आड बसवले की दिसत नाहीत. दोन्ही हेडलाइट एकाच फ्यूजवर कधीही ठेवू नका. डावा-उजवा, अपर-डिपर असे १० ॲम्पियरचे चार वेगळे फ्यूज द्या. गळिताच्या हंगामात रात्री समोर मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली उभी असते, आणि अशा वेळी एका फ्यूजने दोन्ही डोळे मिटणे परवडणारे नाही. पायाचा डिपर मात्र पुरात नक्की भिजलेला आहे. खोलून, रॉकेलने धुऊन, संपर्क घासून पाहा. आतली स्प्रिंग गंजलेली असेल तर बदला.

डायनमोच्या बाबतीत लोक घाईने अल्टरनेटर बसवायला निघतात. हिशेब करा. लुकासचा सी-४० डायनमो कमाल २२ ॲम्पियर देतो. ४५ वॉटचे दोन हेडलाइट ७.५, पार्किंग, नंबर प्लेट व मीटरचे दिवे मिळून २.५, इग्निशन कॉइल ३ ते ४, आणि वायपर २ ते ३. म्हणजे पावसाळी रात्री १५ ते १७ ॲम्पियर. डायनमो हे पेलतो. १०० वॉटचे बल्ब टाकले की एकटे हेडलाइटच १६ च्या वर जातात, आणि मग डायनमो कमी पडतो, असे म्हणून त्यालाच दोष दिला जातो. इंजिन रेसवर नसताना डायनमो जवळपास काहीच देत नाही आणि कटआउट बॅटरीला त्याच्यापासून तोडतो. सिग्नलला दिवे थोडे मंदावणे हा बिघाड नाही. कटआउट भिजला असल्यास त्याचे झाकण काढून संपर्क पाहा. ते चिकटून बसले तर इंजिन बंद झाल्यावर बॅटरीचा करंट उलटा डायनमोत जातो आणि दोन्ही तापतात. असे कधी दिसले तर आधी बॅटरी सोडा, कारण नंतर शोधा. त्यातल्या स्प्रिंगांचे समायोजन मात्र घरी करू नये. ते मापाने करायचे काम आहे.

डायनमो दुरुस्तीला जाऊन आला असेल किंवा बॅटरीचे ध्रुव बदलले असतील, तर त्याची दिशा पक्की करून घ्यावी लागते: डायनमोवरच्या दोन्ही वायरी सोडा, बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकावरून एक वायर आणा आणि ती डायनमोच्या एफ टर्मिनलला दोन-तीन वेळा क्षणभर टेकवा. ठिणगी उडते, तेवढे पुरे.

इंडिकेटरमध्ये एलईडी टाकण्याचा मोह आवरा. इंडिकेटर लुकलुकवणारा जुना फ्लॅशर आतल्या तारेच्या तापण्यावर चालतो आणि त्याला २१ वॉटचे दोन बल्ब इतका भार लागतो. एलईडीवर तो लुकलुकतच नाही.

नवा जुडगा बसवल्यावर बॅटरी थेट जोडू नका. बॅटरी आणि गाडी यांच्यामध्ये ब्रेकचा एक २१ वॉटचा बल्ब टाका. आता काहीही चुकले तरी त्यातून पावणेदोन ॲम्पियरच्या वर करंट जाऊ शकत नाही. सगळे स्विच बंद, दारे बंद, घड्याळ सोडलेले, अशा स्थितीत हा बल्ब विझलेला हवा. तो लख्ख पेटला तर कुठेतरी बॉडी टेकली आहे. फ्यूज एकेक काढत जा, ज्याने बल्ब विझेल ती शाखा तपासा. विझलेला राहिला तर एकेक स्विच चालू करा. प्रत्येकाला बल्ब थोडा पेटेल आणि तो दिवा मंद लागेल, ते योग्यच आहे. सगळे झाल्यावरच मधला बल्ब काढून थेट जोडणी करा. सेल्फ या पद्धतीने तपासता येत नाही, तो शेवटी.

कागदपत्रांची शंका आपण विचारली आहे. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, आणि त्यासाठी चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. वायरिंग बदलणे त्यात मोडत नाही. परंतु तशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापरात नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशाच कारणांसाठी चालवता येते. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींच्या घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते तशी वर्षातून एकदा बाहेर काढायची असेल तर ठीक; मुलांना घेऊन जोतिबाला जायचे असेल तर साधी फेरनोंदणीच ठेवा.

पहिली फेरी दिवसा, घराजवळ. दुसरी रात्री पन्हाळ्यापर्यंत, सर्व दिवे लावून. चढावर इंजिन तापते आणि उतारावर रेस कमी राहते, म्हणून दोन्ही अवस्था तपासल्या जातात. वर पोहोचल्यावर बोनेट उघडून प्रत्येक जोडावर, फ्यूजवर आणि रिलेवर उलटे बोट ठेवून पाहा. कोमट असेल तर चालेल; बोट ठेवता येत नसेल तर तिथला लग नीट दाबला गेलेला नाही. महिनाभराने सगळे स्क्रू पुन्हा एकदा आवळा, कारण नवे तांबे दाबाखाली थोडे बसते. काढलेला जुना जुडगा भंगारवाल्याला देऊ नका. चिठ्ठ्यांसकट पोत्यात बांधून वर्षभर माळ्यावर ठेवा, आणि वहीची एक प्रत गाडीच्या कप्प्यात.